बये, आधी पाणी बघ

प्रिय बये,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. सव्वाचार मिनिटांत तू व्हिसा, तिकिटं, आईचे गुडघे आणि रजेवरून साहेबाची कुरकुर असं सगळं सांगितलंस आणि मुद्द्याचा प्रश्न शेवटच्या पाच सेकंदांत, की स्लोव्हेनियात गुहांसाठी एकच दिवस मिळतोय, पोस्टोयना की श्कोत्स्यान, तू दोन्ही पाहिल्यास तर एक सांग. मी 'श्कोत्स्यान' टाईप केलं आणि खोडलं, कारण आईचे गुडघे. मग 'पोस्टोयना' टाईप केलं आणि तेही खोडलं, कारण तू. तर आता हे पत्रच घे. लांबणारे, चहा करून बस.

मागच्या ऑक्टोबरात ऑफिसच्या कामाला ल्युब्लियानाला गेले होते ना, तेव्हाचा रविवार. सोमवारी सकाळी परतीचं विमान, म्हणजे हातात नेमका एक दिवस. तुला माहितीये गाईडवाली टूर म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात, ती वर धरलेली छत्री, मागून पळणारी चाळीस माणसं, 'फोटोसाठी दहा मिनिटं' वगैरे. पण रविवारी बस कमी, श्कोत्स्यानला तर स्टेशनवर उतरून पुढे तीनेक किलोमीटर तंगडतोड, आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी हाकायची माझी छाती नाही. म्हणून आठ जणांची एक छोटी व्हॅन बुक केली, नाइलाजानेच. शिवाय लिफ्टमध्ये अडकले होते तेव्हापासून माझं बंद जागांशी काय आहे ते तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही, तर म्हटलं गुहेत काही झालंच तर सोबत कोणीतरी जबाबदार माणूस असलेला बरा.

सकाळी साडेसातला गाईडबाईंनी व्हॅनमध्ये बसवायच्या आधी आम्हाला पुलावर नेलं. तांब्याचे हिरवे पडलेले ड्रॅगन बसवलेला पूल, १९०१ सालचा, सगळे तिथे फोटोच काढतात, मीही काढला. बाई पन्नाशीच्या, बुटांना आधीच्या दिवसाचा चिखल, पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या. त्या ड्रॅगनकडे बघेचनात. खाली वाहणाऱ्या ल्युब्लियानित्सा नदीकडे बोट करून म्हणाल्या, हिला सात नावं आहेत, आज आपण उलटं जाऊन त्यातली तीनचार गाठायची, गुहा वाटेत लागतीलच. वाटेत लागतीलच! मी पैसे गुहेचे भरलेत बाई, असं मनात आलं. पण खरं सांगू का, त्या एका वाक्याने माझा अख्खा दिवस फिरवला.

सात नावांची गोष्ट अशी. त्या भागात नदी वाहता वाहता जमिनीत गडप होते, काही किलोमीटरवर परत वर येते, थोडं वाहते, परत खाली. आणि दर वेळी जिथे वर येते तिथल्या गावाने तिला आपलं नाव दिलं, कारण ही मघाचीच नदी आहे हे त्यांना कसं कळणार? त्रबुहोवित्सा, ओबर्ह, स्त्रझेन, राक, पिवका, उनित्सा आणि शेवटी ल्युब्लियानित्सा. (राक आणि पिवका या खरं तर दोन वेगळ्या बाजूंनी येतात, त्यावर येते.) मी ही नावं व्हॅनमध्ये पाठ करत बसले होते, शेजारची बाई मला वेडी समजली असणार.

हे होतं कारण तो सगळा मुलूख चुनखडीचा. पाऊस हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत खाली उतरतो, म्हणजे जवळजवळ अगदी पातळ सोडावॉटर होतो, आणि ते चुनखडीच्या फटीफटीतून तिला विरघळवत जातं. फटीचं भोक, भोकाचं भुयार, भुयाराची गुहा, लाखो वर्षं. म्हणून तिथे वर पाणी टिकतच नाही, सगळा कारभार तळघरात. आपल्याकडचा काळा बसाल्ट असा विरघळत नाही, म्हणून आपल्याला गुहा म्हटलं की छिन्नीने कोरलेली लेणीच डोळ्यासमोर येतात, तर ते चित्र डोक्यातून काढूनच जा. आणि गंमत म्हणजे अशा जमिनीला जगभरचे भूगर्भवाले 'कार्स्ट' म्हणतात ना, ते याच भागातल्या क्रास पठाराचं नाव. तिथली माणसं खळग्याला 'डोलिना' म्हणायची आणि मैदानाला 'पोल्ये', तेही शब्द उचलले. खेड्यातल्या लोकांनी आपल्या शेताबांधाला दिलेली नावं आज पाठ्यपुस्तकात परिभाषा म्हणून बसलीत, मला हे फार आवडलं.

पहिला थांबा प्लानिनाचं पोल्ये. मी तर गाडीतून 'वा, तळं' म्हणाले. बाई हसल्या. तळं नव्हतंच ते, गवताचं कुरण होतं, आधीचे तीन दिवस पाऊस कोसळत होता म्हणून पाण्याखाली गेलेलं, कुंपणाचे खांब तेवढे वर. एका टोकाला गुहेतून उनित्सा बाहेर येते, मैदानभर वळणं घेत हिंडते आणि दुसऱ्या टोकाला भोकांतून जमिनीत जिरते. वरून येणारं पाणी भोकांना झेपेनासं झालं की मैदान भरतं, उन्हाळ्यात परत तिथेच गवत कापतात. गावं सगळी काठाने उंचावर, मधे एक घर नाही. शेजारी त्सेर्कनित्साचं तळं आहे, त्याचंही असंच पण मोठ्या प्रमाणावर, भरलं की वीस चौरस किलोमीटरच्या वर पसरतं आणि कोरड्या महिन्यांत गायब, एकाच जागी मासे पकडा, शिकार करा आणि गवतही कापा. वाल्वासोर नावाच्या तिथल्या एका सरदाराने या तळ्याचं कोडं लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं आणि त्यांनी त्याला १६८७ मध्ये सदस्य करून घेतलं. तळ्यापर्यंत आम्ही गेलो नाही, वेळ नव्हता, मला जरा चुटपुट लागली.

मग राकोव्ह श्कोत्स्यान. हे नाव नीट वाच, दुसरा श्कोत्स्यान वेगळा, बुकिंग करताना घोळ होतो. इथे तिकीट नाही, लाईट नाही, नुसतं जंगल, पिवळी पडलेली बीच नावाची झाडं, आणि एका गुहेतून बाहेर येऊन दुसऱ्या गुहेत शिरणारी राक नदी. मधला जो उघडा भाग आपण चालतो तोही मुळात गुहाच होता म्हणे, छत कोसळलं आणि दरी झाली, छताचे दोन तुकडे मात्र राहिले, त्यांना मोठा आणि छोटा नैसर्गिक पूल म्हणतात. छोट्या पुलाखाली उभी राहून वर बघत होते आणि बाई म्हणाल्या, तू आत्ता गुहेच्या जमिनीवर उभी आहेस. अगं, अंगावर काटाच आला. बंद जागेची भीती घेऊन आलेली मी, आणि पहिली गुहा भेटली ती बिनछताची. आईला हे नक्की दाखव, थोडं चालणं आहे पण वरच्या बाजूने गाडीरस्ता आहे, तिला जमेल तेवढंच.

आता पोस्टोयना. गर्दी. पार्किंगमध्ये बसच बस, दुकानं, आईस्क्रीम, मला वाटलं झालं, आता छत्रीमागे पळायचं. आणि आत गुहेचे स्वतःचे गाईड असतात, आपल्या बाई बाहेरच राहिल्या, पण जाण्याआधी त्यांनी आम्हाला प्रवेशाच्या बाजूला कठड्यापाशी नेलं. खाली पिवका नदी, पावसाने फुगलेली, चहाच्या रंगाची, सरळ डोंगराच्या तोंडात शिरत होती. दीडशे माणसं पाठीमागे तिकिटाच्या रांगेत, आणि नदीकडे बघणारे आम्ही आठ. बाई म्हणाल्या, आत जे बघाल ते हिचं जुनं घर आहे, ती आता खालच्या मजल्यावर राहते.

आणि आत गेल्यावर मी तेच बघत राहिले. छोट्या उघड्या ट्रेनने साडेतीन किलोमीटर, पुढे दीडेक किलोमीटर चालणं, पायऱ्या जवळजवळ नाहीत, चढ आहे तो ओढ्यावरच्या घाटासारखा सौम्य. रूळ पहिल्यांदा १८७२ साली टाकले, तेव्हा गाड्या गाईडच ढकलायचे, बिचारे. विजेचे दिवे १८८४ मध्ये, म्हणजे राजधानी ल्युब्लियानाच्या आधी गुहेत वीज. तोंडापाशी भिंती काळ्या ठिक्कर आहेत, मला वाटलं ओल असेल, तर दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तिथे इंधनाचा साठा ठेवला होता आणि १९४४ मध्ये पार्टिझन, म्हणजे जर्मनांशी छुपं लढणाऱ्या लोकांनी तो पेटवला, त्याची काजळी. आणि आतला एक पूल पहिल्या महायुद्धातल्या रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेला, नावच रशियन पूल. हे मात्र ट्रेनच्या गडबडीत अर्ध्या वाक्यात उरकतात, त्याचा मला राग आला. कोण होती ती माणसं, त्या काळोखात दगड वाहताना काय वाटलं असेल त्यांना, काही नाही, 'प्लीज मूव्ह अहेड'.

ते खांब, झालरी, झुंबरं सगळं आहेच, तू गुगलवर बघितलंयस. शाळेत आपण 'ऊर्ध्वमुखी आणि अधोमुखी लवणस्तंभ' पाठ केलं होतं आठवतं? मी दर परीक्षेत उलटं लिहायचे. लवण म्हणजे मीठ असं मला कित्येक वर्षं वाटायचं, मीठ नाहीच ते, विरघळलेली चुनखडीच परत बसते, थेंबातला वायू उडाला की चुना मागे राहतो. ढोबळ मानाने शंभर वर्षांत एक सेंटीमीटर. 'ब्रिलियंट' नावाचा पांढराशुभ्र खांब आहे पाच मीटरचा, आता तूच हिशोब कर. म्हणून हात लावू देत नाहीत, हाताचं तेल लागलं की थेंब तिथे नीट बसत नाही. एका काकांनी लावलाच. गाईड मुलीने नुसतं बघितलं त्यांच्याकडे, पुरे झालं. आत बारमाही दहा डिग्री, आईला नीट जॅकेट घाल, शाल-बिल चालणार नाही, वरून टपकतं.

आणि तो प्राणी! प्रोटियस. वीतभराहून थोडा लांब, गुलाबीसर, आंधळा, गळ्याशी पिसासारखे लाल कल्ले. स्लोव्हेनियन लोक त्याला 'मानवी मासा' म्हणतात, त्याच्या कातडीच्या रंगावरून, पण तो मासा नव्हे, बेडकाच्या गोतातला. शंभर वर्षांपर्यंत जगू शकतो आणि वर्षानुवर्षं न खाता राहू शकतो (तुझा साहेब आठवला, रजा न घेता). पुरात कधी एखादा वाहून बाहेर यायचा तर लोकांना वाटायचं हे ड्रॅगनचं पिल्लू, खाली मोठा ड्रॅगन झोपलाय, वाल्वासोरनेच हे लिहून ठेवलंय. सकाळचा तो पूल आठवला मला. २०१६ मध्ये तिथल्या टाकीत याची अंडी फुटून पिल्लं निघाली तर सगळ्या देशाने डोळे लावले होते. मंद लाल दिव्यात टाकीत दोनतीन होते, एकाने पाय हलवला, बस. बाकीची मंडळी कंटाळून पुढे गेली, मी थांबले.

बाहेर येऊन बाईंना म्हटलं, नदी दिसली नाही. म्हणाल्या, आता ती तुमच्या पायाखालून प्लानिनाच्या गुहेकडे चाललीय, तिथे तिला राक भेटते, जमिनीखाली, आणि दोघी मिळून उनित्सा होऊन बाहेर येतात. म्हणजे सकाळी कुरणात साचलेलं पाणी यांचंच! आपण संगम म्हटलं की घाट, देऊळ, नारळ, नावाडी. इथे एवढा मोठा संगम, युरोपातल्या मोठ्या भूमिगत संगमांपैकी एक, आणि सगळा काळोखात, हेल्मेटला दिवा लावून जाईल त्यालाच दिसणार.

जेवण पटकन सांगते, 'योता' म्हणून आंबट कोबी आणि राजम्यासारख्या बीन्सचं घट्ट सूप मिळतं, थंडीत छान लागतं, पण बहुतेकदा त्यात मांस असतं, आधी विचार. एका जोडप्याला कड्याच्या गुहेतला प्रेद्यामाचा किल्ला बघायचा होता, तो आमच्या टूरमध्ये नव्हता, त्यावरून ते दिवसभर तोंड पाडून होते.

आणि मग श्कोत्स्यान. बये, हे कसं लिहू. इथे युनेस्कोची पाटी आहे १९८६ पासून, ट्रेन नाही, आईस्क्रीम नाही, मुख्य गुहेत गाईडशिवाय सोडतच नाहीत, आणि आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे माझ्याकडे दाखवायला काहीच नाही. पहिला अर्धा तास कोरड्या 'शांत गुहे'तून, तिथे पंधरा मीटरचा एक खांब आहे त्याला राक्षस म्हणतात, सुंदर आहे, ठीक आहे. मग कुठूनतरी आवाज यायला लागला. आधी वाटलं वारा. मग वाटलं पंखे-बिंखे असतील. गाईड काही बोलत होता ते ऐकू येईना इतका तो वाढला, वळण घेतलं आणि समोर भिंतच संपली. गुहेच्या आत दरी. म्हणजे घाटात गाडी थांबवून खाली बघतो ना तशी, फक्त वर आकाशाच्या जागी छत आणि समोरच्या कड्याला लागून लांबवर लाईटची ओळ, मुंगीएवढी माणसं चालतायत. आणि तळाला रेका नदी, गढूळ, तीन दिवसांचा पाऊस पोटात घेऊन. रेका म्हणजे त्यांच्या भाषेत नुसतं 'नदी'. नदीचं नाव नदी. सात नावांवाली सकाळी आणि बिननावाची संध्याकाळी.

तिच्यावर एक पूल आहे, पाण्यापासून पंचेचाळीसेक मीटर उंच. मी दिवसभर कोंडण्याच्या भीतीची तयारी करून गेले आणि पाय थरथरले ते उंचीने. मधोमध उभी राहिले, रेलिंग इतकं घट्ट धरलं की बोटं पांढरी. गाईडने तेव्हाच सांगायचं होतं की १९६५ च्या पुरात आतलं पाणी शंभर मीटरहून जास्त चढलं होतं! पुढची भुयारं एवढं पाणी गिळू शकत नाहीत, मग ते मागे तुंबून वर चढतं, सकाळच्या कुरणासारखंच, फक्त इथे उभ्या उभ्या. समोरच्या कड्यात जुन्या पायवाटेच्या पायऱ्या दिसतात, हातभर रुंद, काही ठिकाणी तर पाऊल तिरकं टाकावं लागेल अशा. एकोणिसाव्या शतकात गुहा शोधणारे आणि आसपासच्या खेड्यांतली माणसं मिळून त्या खोदत गेली, मशाल-कंदिलाच्या उजेडात, खाली ही नदी. मी रेलिंग धरून टिकीट काढून उभी.

तिथून बाहेर पडतो ते एका अवाढव्य खळग्यात, एकदम हिरवं, एकदम उजेड, डोळे मिचकावत सगळे गप्प. आमच्या बाई वाट बघत होत्या. मी विचारलं ही कुठे जाते, तर म्हणाल्या ही वेगळी, ही ल्युब्लियानाला जात नाही, पस्तीस-चाळीस किलोमीटर जमिनीखालून इटलीत समुद्राजवळ टिमावो नावाने निघते. लोकांनी खात्री करायला पाण्यात रंग टाकले, लिथियमचं मीठ टाकलं, ईल मासे खुणा करून सोडले आणि ते पलीकडे पकडले. आता बघ, सकाळची नदी साव्हाला, साव्हा डॅन्यूबला, म्हणजे काळ्या समुद्राला, आणि ही एड्रियाटिकला. मधे गाडीने जेमतेम अर्धा तास. त्या पठारावर कुठेतरी पडलेला पाऊस कुठल्या समुद्राला जायचा ते खाली काळोखात कुठल्यातरी फटीपाशी ठरतं, वरून बघून सांगता येत नाही. मी एकटी गेले असते ना, तर दोन गुहा बघून, मॅग्नेट घेऊन परतले असते, त्या नद्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे हे मला कळलंही नसतं. तर गाईडबद्दलचे माझे शब्द मागे. सगळे नाही, थोडे.

रात्री हॉटेलवर जाताना परत त्या पुलावरून गेले. पाणी सकाळपेक्षा जरा चढलेलं वाटलं, कदाचित उगाच वाटलं असेल. पाच मिनिटं थांबून नावं म्हटली, सहाच आठवली.

आता तुझ्या प्रश्नाचं. आई बरोबर असेल तर पोस्टोयना, डोळे मिटून. ट्रेन आहे, वाट सपाट, गर्दीत हात धर एवढंच. श्कोत्स्यानला पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, शेवटी वर यायला लिफ्टसारखी गाडी आहे पण तिथपर्यंत पोचायला तर हवं, आणि मधून परत फिरता येत नाही. पण तू श्कोत्स्यान न बघता आलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. तेव्हा असं कर, सकाळी दोघी राकोव्ह आणि पोस्टोयना, दुपारी आईला श्कोत्स्यानच्या वर सोड, तिथे कड्यावर एक जागा आहे जिथून तो खळगा आणि तळाची नदी वरूनच दिसते, बाक-बिक आहे, थर्मासमध्ये चहा भरून दे, दोन तास ती आरामात बसेल आणि आलेल्या-गेलेल्याशी मराठीत बोलेल. तू आत जा. बूट रबरी तळाचे घाल, तुझे ते गुळगुळीत पांढरे नकोत. आणि कुठेही पोचलीस की तिकिटाच्या रांगेत शिरायच्या आधी पाणी कुठून आत जातंय ते शोध.

पाऊस फार झाला तर श्कोत्स्यानचे काही मार्ग बंद ठेवतात, निघायच्या आदल्या दिवशी बघून घे.

आणि आईचे गुडघे खरंच कसे आहेत ते कळव. तिला फोनवर विचारलं तर ती 'बरे आहेत गं' म्हणते, मला तुझ्याकडून ऐकायचंय, ती जिना चढताना तू मागून बघतेस ना, त्यावरून सांग.

तुझीच,
(सातवं नाव स्त्रझेन होतं, आत्ता आठवलं)